वस्तादांचा म्हसोबा

नोकरीच्या पहिल्याच दिवशी एका माणसानं माझ्या सायकलीच्या पुढच्या चाकाला लाल ठोकळा लावला आणि मला विचारलं, "ब्रेक कुटाय?"

"आहेत की," मी म्हणालो. "हे दोन पाय."

"पाय म्हंजी ब्रेक न्हाई. पाय म्हंजी पाय. ते चालायला दिल्यात."

आता मी सातवीची फायनल पास झालेला माणूस. अंगात नवा सदरा, खिशाला शाईचं पेन. पौडहून पिरंगुटला सायकल हाणत आलो होतो ते खडीच्या ठेकेदाराकडं हजेरीमास्तर म्हणून रुजू व्हायला, आणि हा कोण टिकोजीराव मला फाटकातच अडवणारा? मी जन्माचा तापट. आमची आई म्हणायची, याच्या आधी याचा राग जन्माला आला. मी तो ठोकळा पायानं बाजूला सारला.

 खडी फोडणाऱ्या बायकांचे हातोडे थांबले. एका ट्रकच्या बॉनेटमधून किसन नावाच्या ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं आणि हळूच म्हणाला, "मास्तर, पाय नका लावू. तो ज्यानं लावला त्यानंच काढायचा असतोय."

ठोकळा लावणारा माणूस नुसता पुढं आला. वाकला, ठोकळा उचलला, सदऱ्यानं पुसला आणि परत माझ्या चाकाला लावला. तीन दिवस माझी सायकल तिथंच उभी. मी आपला खडीच्या ट्रकनं जातोय येतोय आणि मनातल्या मनात शिव्या मोजतोय. चौथ्या दिवशी बघतो तर सायकलीला ब्रेक. जुन्या टायरचं रबर कापून, घासून, नीट बसवलेलं. ठोकळा फाटकाजवळच्या खिळ्याला लटकत होता. ठोकळा लावणारे ते वस्ताद ट्रकखाली उताणे पडून काम करत होते. मी आभार मानायला गेलो तर खालूनच म्हणाले, "उतारावर दाबून बघ आदी. मग बोल."

त्यांना सगळे वस्तादच म्हणत. मालकही. लढाईत लष्करात गाडी चालवली होती म्हणे, पार ब्रह्मदेशाकडं. तिथलं काही विचारलं की "तिकडं चिखल लई," एवढंच. लढाईनंतर लिलावात निघालेल्या चार गाड्या आमच्या मालकानं घेतल्या, त्या गाड्यांबरोबरच हा माणूस आल्यासारखा आला. अंगात बारा महिने खाकी कोट. कोटाच्या एका खिशात नटबोल्ट, दुसऱ्यात साबणाची वडी आणि गुळाचा खडा. साबण पेट्रोलच्या टाकीचं भोक बुजवायला, गूळ पेंगणाऱ्या ड्रायव्हरला द्यायला. कधीकधी घाईत उलटं व्हायचं. किसननं एकदा साबण चघळला होता.

तेव्हा पिरंगुटात कारखाने नव्हते. माळ, खाण, खाणीशेजारी आमचं आवार, आणि तिथून पौडमार्गे मुळशीच्या धरणाच्या कडेकडेनं वर जाणारा कच्चा रस्ता. त्या रस्त्याचं काम चाललं होतं आणि खडी आमची होती. खडी फोडायला डोंगरातल्या वाड्यांवरची माणसं यायची, हंगामभर पालं टाकून राहायची.

तो ठोकळा बाभळीचा. तिकोनी, वीतभर उंच, डब्याच्या तळाशी उरलेल्या लाल रंगानं रंगवलेला. शेंदूर फासल्यागत दिसायचा, म्हणून वाडीवरच्या बायका त्याला म्हसोबा म्हणायला लागल्या. ठकूबाई नावाची एक पोक्त बाई होती, ती तर सकाळी कामाला येताना त्याच्यावर रानातलं एखादं फूल ठेवायची. वस्ताद कुरकुरायचे, "लाकूड हाय गं बाई ते," पण फूल कधी काढायचे नाहीत.

तर या म्हसोबाचा कायदा असा होता. गाडी बाहेर काढू नये असं ज्याला कुणाला वाटेल, त्यानं तो चाकाला लावायचा. ड्रायव्हर असो, क्लीनर असो, खडी फोडणारी बाई असो. लावला की चारचौघांत, गाडीवाल्याच्या तोंडावर, मोठ्यानं कारण सांगायचं. कानात सांगितलेलं चालायचं नाही. "कानात सांगितली ती चहाडी," वस्ताद म्हणायचे. कारण मिटलं की ज्यानं लावला त्यानंच काढायचा, आणि त्यानंतर त्या गोष्टीवरून कुणी कुणावर डूख धरायचा नाही. आता हे ऐकायला सोपं आहे. पण ज्या आवारात एकमेकांच्या तंबाखूवरून मारामाऱ्या व्हायच्या तिथं हे चालत होतं, याचं मला अजून नवल वाटतं.

रोज सकाळी गाड्या निघायच्या आधी वस्ताद प्रत्येक ड्रायव्हरपुढं उभे राहायचे. "जेवलास का? झोपलास का? भांडलास का?" तीन प्रश्न. पहिल्याचं उत्तर 'नाही' असेल तर स्वतःच्या फडक्यातली भाकरी काढून द्यायचे. दुसऱ्याचं 'नाही' असेल तर ट्रकखाली सावलीत झोपायला लावायचे. तिसऱ्याचं मात्र फार अवघड असायचं.

एकदा किसन घरी बायकोशी कडाकडा भांडून आला. वस्तादांनी विचारलं तर म्हणाला, "न्हाई बा." गाडी सुरू करून फाटकापर्यंत आणली आणि समोर कोण? त्याची बायको सगुणा. गावातून पळत आलेली, पदर खोचलेला. तिनं खिळ्यावरचा म्हसोबा घेतला आणि दाणकन चाकापुढं टाकला.

"कारण सांग," वस्ताद म्हणाले.

"रातभर ह्यो बसून व्हता! डोळ्याला डोळा न्हाई. मला म्हनला, मरतो तिकडंच घाटात. आता जाऊन दाव म्हनावं, कसा मरतोय ते!" आणि ती बाई चाकाशीच बसून ढसाढसा रडायला लागली.

किसन खाली उतरला. आधी लाजला, मग चिडला, मग तोही तिच्याजवळ बसला. वस्तादांनी आम्हा सगळ्यांना पाठ फिरवायला लावली. मी हजेरीच्या वहीत डोकं घातलं, पण कान काय वहीत घालता येत नाहीत. दोघं काहीबाही बोलली, मग सगुणा हसली, आणि म्हणाली, "काढते. पन दुपारपातुर झोप आदी." त्या दिवशी किसनची गाडी दुपारी निघाली. मालक बोलले तर वस्ताद म्हणाले, "उशिराच्या शिव्या मला द्या. शिवीनं हाड मोडत न्हाई."

मालक तसे वाईट नव्हते. पण घाई हा त्यांचा आजार होता. एका पावसाळ्याच्या तोंडाला साहेब रस्ता बघायला येणार म्हणून त्यांची नुसती लगीनघाई चालली होती. म्हणाले, खडी भरा आणि ती पसरायला जाणारी माणसं खडीवरच बसवा, दोन खेपा कशाला? ठकूबाई आणि दहाबारा जणं भरल्या खडीवर चढून बसलीसुद्धा. वस्ताद गेले आणि म्हसोबा लावला.

"कारण?" मालकांनीच विचारलं, दात ओठ खात.

"खडी सरकली की माणूस खाली आन् खडी वर. माझ्या डोळ्यांनी बगितलंय."

"अहो, गाडी माझी, खडी माझी, माणसं माझी! तुम्ही कोण?"

"गाडी तुमची," वस्ताद शांतपणे म्हणाले. "खडी तुमची. माणसं त्यांच्या आईबापाची."

मालक स्वतः वाकले ठोकळा काढायला. तेवढ्यात वरून ठकूबाई म्हणाली, "मालक, म्हसोबाला हात नगा लावू. आमी उतरतो," आणि फाळक्यावरून खाली उडी टाकून पायीच चालायला लागली. तिच्यामागं बाकीची. पंचवीस मैलांची वाट, आणि ही बाई पदर सारखा करून चालायला लागलेली. मालक बघत राहिले. मग कपाळावर हात मारून म्हणाले, "बोलवा त्यांना परत. दोन खेपा करा. करा बाबा, तीन करा!"

मजा पुढंच आहे. महिनाभरानं एका सकाळी मालकच धावत आले, किसनच्या मागच्या टायरला पडलेलं भगदाड दाखवलं आणि खिळ्यावरचा म्हसोबा आपल्या हातानं लावला. चारचौघांत कारणही सांगितलं, अगदी खणखणीत.  वस्ताद त्या दिवशी नुसते मधूनमधून हसत होते आणि सगळ्यांना गूळ वाटत होते.

त्यांची खोड म्हणाल तर रस्त्यातले दगड. चढावर गाडी बंद पडली की ड्रायव्हर चाकाला दगड लावतात आणि गाडी चालू झाली की तो दगड तसाच टाकून निघून जातात. मागून येणारा सायकलवाला, बैलगाडीवाला, त्याच्यावर आपटतो. वस्ताद असा एकही दगड सोडायचे नाहीत. भरली गाडी थांबवायची, खाली उतरायचं, दगड उचलायचा, लांब फेकायचा, हात झटकायचे. पिरंगुटचा घाट चढताना दहा वेळा उतरायचे. मी एकदा वैतागून म्हणालो, "वस्ताद, तुमचा दगड आहे का तो?"

"न्हाई. पण मला दिसलाय ना? दिसला त्याचा झाला."

खडी फोडणाऱ्या बायकांच्या डोळ्यांत कपच्या उडायच्या. वस्तादांनी पुण्याहून बारीक तारेची जाळी आणली आणि बसून बायकांना चष्मे करून दिले, कानामागं सुतळीनं बांधायचे. पहिल्या दिवशी बायका एकमेकींकडं बघून इतक्या हसल्या की कामच झालं नाही. ठकूबाई म्हणाली, "वस्ताद, ह्यात मी म्हशीवाणी दिसते." वस्ताद म्हणाले, "दिस. म्हशीला दोन डोळे असत्यात. डोळा भाड्यानं मिळत न्हाई बये."

हे मी मुद्दाम सांगतोय. कारण त्याच सुमाराला त्यांचे स्वतःचे डोळे चालले होते, आणि मला ते कळलं नव्हतं.

कळणार कसं? त्यांच्या सवयीच तशा होत्या. गाडी काढायच्या आधी ते भोवती फिरून प्रत्येक चाकाच्या प्रत्येक नटावरून हात फिरवायचे. सगळे म्हणायचे, बघा, किती काळजी. ड्रायव्हरला तीन प्रश्न विचारताना अगदी नाकाला नाक लावून उभे राहायचे. आम्हाला वाटायचं, तोंडाचा वास घेतायत. मला म्हणायचे, "मास्तर, अक्षर लई बारीक काढतोस, वाचून दाव." मी वाचून दाखवायचो, वर ऐटीत. एकदा सकाळी मी न बोलता त्यांच्यासमोर उभा राहिलो, हातभर अंतरावर. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "कोण, किसन का?"

 किसन माझ्यापेक्षा वीतभर उंच आणि त्याच्या डोक्याला तांबडा पटका.

मी किसनला गाठलं. त्याला सांगितलं तर तो खाली बघत म्हणाला, "मास्तर, तुमाला आज कळलं व्हय?"

सगळ्यांना माहीत होतं! वस्तादांचा क्लीनर वाटेत गाणी म्हणायचा ना, ती गाणी नव्हती. "बैल आला गं बाई डाव्या अंगाला," असं काहीतरी तो चालीत म्हणायचा आणि वस्ताद गाडी उजवीकडं घ्यायचे. फाटकाचे खांब किसननं चुन्यानं रंगवले होते, ते शोभेसाठी नव्हतं. ठकूबाई त्यांच्या पुढ्यात चहाची कपबशी ठेवताना मुद्दाम खणकन वाजवून ठेवायची. जो तो आपापल्या परीनं झाकत होता, आणि जो तो समजत होता की एवढं केलं की भागेल.

मी असा भडकलो! "अरे, मग तो म्हसोबा कशाला टांगलाय? फुलं वाहायला?"

"म्या लावू?" किसन म्हणाला. "मला गाडी त्यांनी शिकवली मास्तर. माझा हात झडंल. तुमी लावा की. तुमी शिकल्याले हायसा."

यावर मी काय केलं? काही नाही. खोटं कशाला सांगू. दुसऱ्याला शिव्या देणं सोपं असतं. रोज सकाळी खिळ्याकडं बघायचो आणि मनाशी म्हणायचो, उद्या. वस्ताद एकटा माणूस. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही, राहायचा आवारातल्या खोपटात. गाडी चालवणं काढून घेतलं तर त्याच्यापाशी उरलं काय? आणि तेही चारचौघांत, मोठ्यानं सांगून? माझी जीभ रेटेना. असा महिना गेला.

मग एक दिवस मी बरोबर असतानाच पौडच्या अलीकडं वस्तादांच्या गाडीनं एका बैलगाडीचं चाक घासलं. आख मोडला. बैल वाचले, गाडीवान वाचला. गाडीवान रडकुंडीला येऊन म्हणत होता, "मी माझ्या कडंनं चाललो व्हतो." आणि वस्ताद म्हणाले, "त्यो झोपला व्हता."

इतक्या वर्षांत या माणसानं दुसऱ्यावर ढकललेलं मी ऐकलं नव्हतं. बोलताना ते माझ्याकडं तोंड करून उभे होते आणि त्यांचा हात कोटाच्या खिशात गुळाचा खडा चुरडत होता. मी मान खाली घातली. मला त्यांचा राग आला नाही, माझाच आला.

दोन दिवसांनी शिमगा. वाडीवरची माणसं सणाला घरी निघाली. तीसएक जणं, बायका, कडेवर लेकरं, पत्र्याच्या पेट्या, कोंबड्या. धरणाच्या कडेनं वर जायचं, एका बाजूला डोंगर, एका बाजूला पाणी. सगळी वस्तादांच्या गाडीच्या हौद्यात चढली. वस्तादांनी चाकांवरून हात फिरवला, केबिनमध्ये चढले आणि म्हणाले, "ह्या वाटंला माझ्याशिवाय कुनी न्हाई. माणसं हायेत आज." क्लीनर हँडल मारायला वाकला.

मी खिळ्यावरचा म्हसोबा काढला.  पुढच्या चाकाला लावला आणि उभा राहिलो. हौद्यातली माणसं बोलायची थांबली.

वस्तादांना ठोकळा दिसला नाही. पण लाकूड जमिनीला टेकल्याचा आवाज त्यांना कळला. "कुणी लावला?"

"मी. मास्तर."

"कारण सांग."

मी गाडीजवळ गेलो, दारापाशी, आणि हळू आवाजात म्हणालो, "वस्ताद, खाली उतरा, मग सांगतो."

"कानात न्हाई," ते म्हणाले. "चारचौघांत. मोठ्यानं."

वर तीस माणसं. बाजूला किसन, मालक, सगुणा.  आयुष्यात मी इतका ओरडलो, इतकी भांडणं केली, पण त्या चार शब्दांना जेवढा जोर लागला तेवढा कशाला लागला नाही.

"वस्ताद, तुम्हाला दिसत नाही!"

 हौद्यात एक लेकरू रडलं, त्याला आईनं पदराखाली घेतलं. मग ठकूबाईचा आवाज आला, रडवेला. "आमाला ठावं व्हतं वस्ताद. आमचं चुकलं. आमी मागं बसून देवाचं नाव घेत व्हतो."

वस्तादांनी स्टेअरिंगवरचे हात काढले. मग चाचपत खाली उतरले. मला वाटलं, आता माझ्या थोबाडीत बसणार, आणि मी ती खाल्ली असती. ते चाकापाशी उकिडवे बसले, ठोकळ्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "वाकडा लावलाईस. बोटभर डावीकडं सरकव. हितनं चाक निसटंल."

मी रडत रडत तो बोटभर सरकवला.

"आता बरोबर," ते म्हणाले. मग किसनला हाक मारली. "जेवलास का?"

"व्हय."

"झोपलास का?"

"व्हय, वस्ताद."

"भांडलास का?"

किसननं नुसती मान हलवली. सगुणाच मागून म्हणाली, "न्हाई भांडला."

"मग बस. मास्तर, गाडीचा काढ. पर मला लावलाय तो ऱ्हाऊ दे. मी किती बी मागं लागलो तरी काढू नगंस. तुझ्या हातचा हाय."

ते किसनच्या शेजारी बसून गेले. किसन सांगत होता, साऱ्या वाटेनं त्यांनी वळणं तोंडपाठ सांगितली. आता जांभळीचं झाड येईल, आता मोरी, आता दुसऱ्यात घे, हितं पाण्याकडं बगू नगंस. एकही चुकलं नाही. सगळी माणसं आपापल्या वाडीच्या पायवाटेला सुखरूप उतरली. आणि येताना पौडला गाडी थांबवून ते त्या बैलगाडीवाल्याच्या घरी गेले, दारात उभे राहून म्हणाले, "तू झोपला नव्हतास. मी आंधळा व्हतो." मग दोन दिवस त्याच्या दारात बसून नवा आख घालून दिला, सगळं हाताच्या अंदाजानं.

मालकांनी त्यांना काढलं नाही. फाटकाशी एक खुर्ची टाकून दिली. तिथं बसून ते नुसत्या आवाजावरून ड्रायव्हर ओळखायचे. "झोपलास का?" "झोपलो की." "खोटं. आवाजाला पेंग हाय. जा, ट्रकखाली." एकदाही चुकले नाहीत. इंजिनाच्या आवाजावरून पट्टा कुठं सैल झालाय ते सांगायचे. माणूस रिकामा बसला नाही एवढं खरं. पण गाड्या निघून गेल्या की धूळ खाली बसेपर्यंत ते त्या दिशेला तोंड करून उभे असायचे, आणि तेव्हा मी वहीत डोकं घालायचो.

दिवाळी होऊन गेली होती. बाजाराचा दिवस, टळटळीत दुपार, आवारात चिटपाखरू नाही. तीन गाड्या बाहेर आणि चौथी, त्यांची, स्प्रिंगचे पाटे मोडले म्हणून मीच म्हसोबा लावून उभी केलेली. वस्ताद काठी टेकत माझ्याकडं आले.

"मास्तर, एक मागणं हाय. माझा म्हसोबा काढतोस का? एकडावच. पाटे मी बघून घेतो. फाटकापासनं हिरीपातुर. आवारातल्या आवारात."

मला बाभळीच्या काट्यावर पाय पडल्यागत झालं. कुणी बघायला नव्हतं. फाटक ते विहीर म्हणजे शंभर पावलं. काय बिघडणार होतं?

"नाही वस्ताद," मी म्हणालो.

 "बरं केलंस," ते म्हणाले, पण त्यांचा हात गाडीच्या मडगार्डवरून निघेना. नुसता फिरत होता तिथल्या तिथं. माझ्यानं बघवेना.

"पण बसू या का?" मी म्हणालो. "म्हसोबा तसाच ठेवून."

त्यांनी तोंड वर केलं. मग वाकून चाकाखाली हात घातला, ठोकळा चाचपला. "आता नीट बसलाय," असं म्हणून ते केबिनमध्ये चढले. मी पलीकडून चढलो. त्यांचे पाय आपोआप जागेवर गेले.

"कुटं जायाचं मास्तर?"

"वर. ठकूबाईच्या वाडीला."

"लांब हाय. पाणी घेतलंईस का?"

"घेतलंय."

त्यांनी क्लच दाबला, गिअर टाकला. इंजिन बंद, गाडी जागच्या जागी, आणि वस्ताद चालवायला लागले. पौड आलं, बाजार आहे म्हणून त्यांनी गाडी हळू घेतली. कोळवणचा फाटा मागं टाकला. पुढं चढ लागला, त्यांनी दुसरा टाकला. वळणावर हॉर्न दाबायचा म्हणून तोंडानं हलकेच वाजवला आणि माझ्याकडं वळून हसले. मी बाहेर बघत, जे नव्हतं ते सांगत होतो. पाणी दिसतंय वस्ताद. भातं पिवळी झाल्यात. त्यांनी मान हलवली. त्यांना ते माझ्याआधी दिसलं होतं.

मग एकदम त्यांनी ब्रेक दाबला.

"मास्तर, म्होरं दगड हाय. कुनीतरी लावून सोडून गेलाय बग. उतर."

मी उतरलो. समोर रिकामं आवार आणि ठकूबाईच्या दोन कोंबड्या. कुंपणापाशी एक धोंडा पडला होता. मी तो उचलला आणि पार पलीकडं नाल्यात फेकला, त्यांना ऐकू जाईल असा. हात झटकले आणि परत येऊन त्यांच्या शेजारी बसलो.

"टाकलास?"

"टाकला."

"लांब?"

"लांब, वस्ताद. रस्ता मोकळा हाय आता."

"मग दार नीट लाव," ते म्हणाले, आणि त्यांनी पहिला गिअर टाकला.